येते म्हणू नका

आई न्हाणीघरात घसरून पडली, म्हणून मी तिला भरदुपारी रुग्णालयातल्या वृद्धांच्या तातडीच्या विभागात नेलं. मनगट मोडलं होतं, कंबर ठणकत होती, जीभ मात्र शाबूत होती. "हळू धर मेल्या, आई आहे, पोतं नाही!"

विभाग नको तितका चांगला होता. खाटा बुटक्या, फरशी न घसरणारी, भिंतीवर परातीएवढं घड्याळ. आलेले बहुतेक म्हातारे त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जातात, असं सिस्टर म्हणाल्या. मी मूळचा संशयी. एवढं गोड ऐकलं की आधी खिसा चाचपतो. शिवाय रिकाम्या खाटांच्या पडद्यांआड कुणी कूस बदलावी तशी करकर चालली होती. हसू नका, मी दोनदा पडदे सारून पाहिले. कुणी नव्हतं.

प्लास्टर घालून आई निघाली, तर सिस्टर दारातच आडव्या आल्या.

"आजी, 'जाते' म्हणा."

आई भडकली. "'जाते' म्हणतात का कधी? काहीतरीच अभद्र मेलं!"

सिस्टरनी माझा हात धरला. त्यांची बोटं गार पडली होती. "समजवा ना त्यांना… ही जुनी माणसं शब्दाला जागतात हो…"

"म्हणजे?"

सिस्टरनी रिकाम्या खाटांकडे बोट केलं. तेवढ्यात आई वळली आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली, "येते हं!"

करकर थांबली.

घरी आई ताठ चालत आतल्या खोलीत गेली. कुरकुर नाही, शिवी नाही. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच भीती वाटली.

दिवेलागणीला फोन आला. सिस्टर कुजबुजत होत्या. "आजी परत आल्यात… खाटेवर आहेत. तुमच्या घरी जे आहे ना… त्याला विचारा, कुठे दुखतंय."

मी आतल्या खोलीकडे वळून हाक मारली. "आई… दुखतंय का गं कुठे?"

"कुठ्ठेच नाही, बाळा," आतून लाडिक आवाज आला.

फोनमध्ये मागे कुणीतरी हुंदके देत होतं. "हात फार ठणकतोय गं पोरी… त्या मेल्याला बोलाव. मला इथेच विसरून गेलाय."

मी चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात आतल्या खोलीच्या दाराची कडी लागल्याचा आवाज झाला.

त्या दाराला आतून कडी नाही, फक्त बाहेरून आहे.