झिलेसाठी सोडलेली जागा

टण्…

स्वयंपाकघरात एकदाच वाजलं. मग परत सगळं गप्प.

हे मी रचून सांगत नाहीये. माझी लेक खुशबू झोपली की जो अर्धा तास मिळतो त्यात लिहितेय, एक हात तिच्या पायावर ठेवून. यंदाचा, २०१६चा मे महिना. आमचं अर्जुनी मोरगावचं घर. रात्र नव्हती. भर दुपार होती, लाईट गेलेली, पंखा बंद.

मी मोबाईलवर माझं गाणं रेकॉर्ड करत होते.

गाणं मीच रचलेलं, खुशबूला निजवता निजवता. फेसबुकवर आमच्याकडच्या नव्या गायकांचा एक ग्रुप आहे. तो चालवणाऱ्या गोंदियाच्या रत्नपालला आधी एकदा पाठवलं होतं, त्याचा मेसेज आला होता.

"ताई, आवाज एक नंबर! पण ओळ झाली की तुम्ही चूप काऊन बसता? पब्लिक तेवढ्यात पुढे सरकते. ती जागा काटून पाठवा. रविवारी मोठ्या पेजवर टाकतो, तीस हजार लोक आहेत तिथं."

ती जागा मी मुद्दाम सोडत नव्हते.

विहारातल्या महिला मंडळात मी पुढे म्हणायची. माझ्या सासूबाई, शामकला, मागून झील धरायच्या. माझी ओळ संपली की तीच उचलून परत म्हणायच्या. घरी सराव करताना बोटातली अंगठी स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या पितळी गुंडावर वाजवून ताल द्यायच्या. टण्.

"तू म्हण बाई बिनधास्त. मी मागं आहो ना."

दिवाळीनंतर त्या गेल्या. गुंड तेव्हापासून पालथा आहे.

माझा गळा मात्र अजून त्यांच्यासाठी थांबतो.

त्या दुपारचा आवाज भांडं सरकल्याचा असेल म्हणून मी सोडून दिलं. आधी ऐकू तरी दे लोकांना, म्हणून गाणं तसंच ग्रुपवर टाकलं.

पहिली कमेंट… "मागे म्हणणाऱ्या आजी कोण?"

दुसरी… "आजीची झील लय भारी! त्यांना पण दाखवा ना."

मी दहा वेळा मोबाईल कानाला लावला. ओळीनंतर मला फक्त शांतता ऐकू येत होती.

संध्याकाळी माझे मिस्टर, अश्विन, आले. "काऊन वं, स्टार बनून राहिली काय?" असं हसत त्यांनी मोबाईल घेतला.

पहिली ओळ संपली…

त्यांचं हसू गेलं.

"डिलीट कर."

"काय ऐकलं तुम्ही?"

ते अंगणात जाऊन बसले. जेवायलाही आले नाहीत.

मी डिलीट केलं. पण रविवार सुटत नव्हता मनातून. तीस हजार लोक! माझं गाणं, माझ्या नावानं, पहिल्यांदा या घराबाहेर जाणार होतं.

शनिवारी दुपारी खुशबू झोपल्यावर परत गायला बसले. या वेळी ओळीला ओळ जोडून. मध्ये श्वासापुरतीही जागा नाही.

पहिली ओळ… काही नाही.

दुसरी… काही नाही.

तिसऱ्या ओळीला…

टण्. टण्. टण्.

घाईघाईनं. शिरायला फट शोधल्यासारखं.

मी डोळे घट्ट मिटले आणि शेवटपर्यंत गात राहिले. थांबलेच नाही.

मग तो आवाजही बंद झाला.

डोळे उघडले आणि पाठवून दिलं. रत्नपालचं लगेच उत्तर… "परफेक्ट, ताई. आता एकच आवाज आहे."

मी वळून पाहिलं.

खुशबू उठून बसली होती. कधीची, कोण जाणे. ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती, आणि तिचा खालचा ओठ रडू येण्याआधी थरथरतो तसा थरथरत होता.

"मम्मी… तू जागाच नाही ठेवली. आता आजी कुठं म्हणेल?"