फितीचं दुसरं टोक

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण माझे मामा खोटं बोलणारे नव्हेत. जन्मात एकदाच बोलले... त्याचीच ही खरी गोष्ट. वेळ रात्रीची नाही. भर दुपारी तीनची.

मामा खनिज खात्यात मोजणीदार. सरकारी डोंगर दगडासाठी भाडेपट्ट्यानं दिला, की ठेकेदार परवान्यापेक्षा खोल गेला का, हे फीत सोडून पाहायचं. वर फिरकी धरून मामा. खाली टोक धरून त्यांचा मदतनीस, दादा. एकोणीस वर्षांची जोडी. यंत्रांच्या खडखडाटात हाक पोचत नसे, म्हणून फीतच बोलायची.

एक झटका म्हणजे, ‘थांब, अजून पोचलो नाही.’

दोन झटके म्हणजे, ‘पोचलो, वाच.’

“टोक माझं, आकडा तुझा; खोटा निघाला तर दोघांना सजा!” असं गुणगुणत दादा उतरायचा.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी तीनलाही तसाच उतरत होता. मामांनी मात्र सावलीत बसून आधीच लिहून टाकलं, खोली सहा मीटर. परवाना सहाचा, दरसाल निघायचेही सहाच.

फितीला एक झटका बसला.

आणि कडा कोसळला.

झरे फुटून खाणीत पाणी भरलं. पाणबुडे सहा मीटरवर गाळ चाचपून परतले. कागदावर तळ तिथंच होता ना!

दादा सापडला नाही.

वर्षानं पट्ट्याच्या नूतनीकरणाला मामा पुन्हा त्याच काठावर उभे. या वेळी एकटे. सोबत फक्त ठेकेदाराचा मॅनेजर.

“मोजताय कशाला साहेब? सहा लिहा नि चला. चहा निवतोय.”

मामांनी शिसं बांधून फीत सोडली. सहावर ती सैल पडली.

“बघा! म्हटलं नव्हतं?”

मामांनी पेन उघडलं...

एक झटका.

“मासा असेल,” मॅनेजर हसला.

“दगडाच्या खाणीत?”

फीत आपसूक सुटू लागली. सात... आठ... नऊवर थांबली.

पुन्हा एक झटका.

मामांनी फिरकी दोन्ही हातांनी धरली. ते हळूच म्हणाले, “उतर दादा. मी धरलंय.”

दहा... अकरा.

पाणी निश्चल. वारा पडलेला.

एक.

दोन.

मामांनी लिहिलं, अकरा मीटर.

“साहेब, पट्टा जाईल! मागच्या वर्षीचे सहा मीटर तुमच्याच सहीचे आहेत, तुमची नोकरीही जाईल!”

“जाऊ दे. दादा तिथं खाली आहे.”

फीत गुंडाळताना अकरा मीटर चिंब भिजलेली आली. फक्त टोकाचा चार बोटं तुकडा... कोरडा होता. उबदार. आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

पट्टा रद्द झाला. मामांची नोकरी गेली. पाणी उपसायचा हुकूम अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय.

फीत मामांच्या घरी खिळ्याला टांगलेली असते. रोज दुपारी तीनला तिचं टोक बोटभर खाली उतरतं. समोर खुर्ची टाकून मामा बसलेले.

“गुंडाळून ठेवा हो ती!” काल मामी दारातूनच म्हणाली. त्या खोलीत ती पाऊल टाकत नाही.

“कशी गुंडाळू? त्यानं टोक सोडलेलं नाही.”

मी स्वतः पाहिलं. टोक जमिनीला टेकायला वीतभरच उरलंय.

तेवढ्यात तीन वाजले...

एक झटका.