शोकसभेत गेलेला आवाज

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे खरं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चमधला शेवटचा रविवार, दिवेलागणीची वेळ. जागा... आमच्या उपनगरातलं वाचनालय.

ते माझ्या मावशीनं उभं केलं होतं. तेव्हा इथे धड रस्ते नव्हते. हातगाडी घेऊन ती दारोदार पुस्तकं मागत फिरली. पाण्यासाठीचे मोर्चे तिथेच ठरले, कितीतरी लग्नं तिथेच जुळली. आणि शेवटी कमिटीनं तिलाच बाहेर काढलं. का? तर वाचनालय पाडून दुकानं काढायची होती आणि ही बाई आडवी येत होती.

ती गेली. त्याच कमिटीनं तिची शोकसभा ठेवली. तीही तिथेच! लाज कोळून प्यायलेली माणसं.

मी गेले ती एकाच कामासाठी. वाचनालय पाडणार नाही, असं अध्यक्षांकडून चारचौघांत वदवून घ्यायचं होतं.

आधी केमिस्ट उठला, कमिटीचा खजिनदार. "मंडळी, मागच्यांनी जरा पुढे या," म्हणाला. आवाज खणखणीत.

"मावशी म्हणजे आम्हाला..."

आणि आवाज गेला.

ओठ हलत होते. हात हलत होते. शब्द एकही नाही.

माईक बिघडला असेल, असं मलाही वाटलं. पण मी पहिल्या रांगेत होते हो! माईक नसता तरी ऐकू आलं असतं. पंख्याची घरघर ऐकू येत होती. मागे कुणीतरी खोकलं, तेही ऐकू आलं.

फक्त त्याचाच आवाज नव्हता...

"...चहा घेतल्याशिवाय कुणी जाऊ नका." हे मात्र शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

मग शाळेच्या मुख्याध्यापिका उठल्या. तेच. मावशीचं कौतुक सुरू झालं, की आवाज गायब.

माईकवाला घामाघूम. त्यानं वायरच उपटून हातात घेतली.

तेवढ्यात माझी आई उठली. मावशीची धाकटी बहीण.

"माझी बहीण भांडकुदळ होती," ती म्हणाली. "तुमच्यातल्या एकालाही ती नको होती. आजारी पडली, तर तिच्या दाराशी कुणी फिरकलं नाही."

एकेक शब्द भिंतींवर आदळला. स्पीकरमधून!

वायर अजून माईकवाल्याच्या हातातच होती.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तरी मी उभी राहिले.

"अध्यक्षसाहेब, वाचनालयाचं काय? सगळ्यांसमोर सांगा."

अध्यक्ष हसले. छातीवर हात ठेवला. तोंड उघडलं...

काही नाही.

"परत सांगा. ऐकू आलं नाही."

त्यांनी परत सांगितलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, तोंड लाल झालं.

काही नाही...

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत!

मी शेजारच्या काकूंचा दंड धरला. "काकू, काय म्हणाले हो ते?"

"अगं, तेच आपलं. नेहमीचं."

"पण तुम्हाला ऐकू आलं का?"

काकू वैतागल्या. "त्यात ऐकायचंय काय? चल, चहा गार होतोय."

मी दारात उभी राहून दिसेल त्याला विचारलं. ऐकू कुणालाच आलं नव्हतं. आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नव्हतं.

उन्हाळा संपायच्या आत वाचनालय पाडलं.

माईकवाला शपथेवर सांगतो, माईक ठणठणीत होता. मग ते काय होतं, मला आजवर कळलेलं नाही. पण आता कुणी माझ्याशी गोड बोलायला लागलं, की याचाही आवाज जाईल की काय, म्हणून मी बघत राहते.

मावशी, तूच होतीस ना ती? अगं, मग त्यांचा आवाज घालवून काय मिळवलंस? ऐकायचं होतं कुणाला!