कवडीचं मटण

दर वर्षी सोळा जानेवारीला राज्यातल्या सगळ्या शाळांत कवडी कृतज्ञता दिन साजरा होतो. मुलं कानांना पांढरे कागदी ठिपके चिकटवून येतात, ‘कवडी माझी माउली’ या विषयावर दहा ओळी लिहितात, आणि मधल्या सुट्टीत त्यांना मटण-भात मिळतो. ज्या जिवाचे आभार मानायचे त्याचाच रस्सा ओरपायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. कवडीला कुणी मारलेलं नाही. ती चांगली म्हातारी होऊन, दात पडून, उन्हात बसल्या बसल्या गेली.

कवडी ही माण तालुक्यातली शेळी. काळीभोर, कानांवर कवड्यांसारखे ठिपके. सव्वीस वर्षांपूर्वी तिच्या मांडीतून मुगाच्या डाळीएवढा तुकडा काढला गेला, आणि तेव्हापासून देश त्या तुकड्यावर जेवतो आहे. हे कसं, ते समजायला विरजण आठवावं. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधाला लावतात, आजच्याचा उद्याच्याला. पहिलं दही कोणत्या म्हशीचं होतं हे घरात कुणालाच आठवत नाही, पण दही लागत राहतं. जिवंत पेशींचंही तसंच. त्यांना उबदार, पोषक द्रव दिला की एकीच्या दोन होतात, दोनांच्या चार. एकाच मूळ तुकड्यापासून चालत आलेल्या या परंपरेला पेशीवंश म्हणतात, आणि तीन मजली स्टीलच्या हौदांत तिचं जे पीक येतं त्याला पेशीमांस. हा झाला सरकारी शब्द. लोक ‘कवडीचं मटण’ म्हणतात.

त्यानंतर जे घडलं ते आकडेवारीत फार सुबक दिसतं. पहिल्या सात वर्षांत कत्तलखाने बंद पडले. पशुगणनेत शेळ्या-मेंढ्यांचा रकाना कोटींवरून लाखांवर आणि लाखांवरून हजारांवर आला, कारण जो प्राणी खायचा नाही तो पाळायला शेतकऱ्याला वेगळं कारण लागतं. पशुधन नसताना मांस निर्यात करणारा जगातला पहिला देश म्हणून आपलं नाव झालं. पशुसंवर्धन खातं मात्र पूर्ण कर्मचाऱ्यांसह कायम राहिलं. ज्या थोड्या शेळ्या दुधासाठी आणि लेंडीखतासाठी उरल्या, त्या आपल्या मरणाने मरू लागल्या. मोतीबिंदू झालेली शेळी माणसांनी इतिहासात पहिल्यांदाच पाहिली.

डॉ. केतकी हुपरीकर या पेशीमांस संस्थेच्या संचालक. मूळच्या कोल्हापूरच्या. त्यामुळे मटणाविषयी त्यांना मत होतं, आणि ते त्यांनी विज्ञानाच्या आड कधी येऊ दिलं नव्हतं. सव्वीस वर्षांपूर्वी तो तुकडा काढणारी तरुण संशोधक त्याच. दर वर्षी हौदांत नवं विरजण पडायच्या आधी संचालकांनी शुद्धता प्रमाणपत्रावर सही करायची असते. यंदाची सही सोमवारी होती. शुक्रवारी दुपारी त्या माणमधल्या एका वाडीवर, धुळाबा खरातांच्या अंगणात, बाभळीखालच्या बाजेवर बसल्या होत्या. धुळाबा म्हणजे कवडीचे मालक. सत्तरी उलटलेले.

“म्याडम, दिनाला यायच्या तुमी. आज कशा वाट चुकलासा?” धुळाबांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत आवाज दिला, “हौसा, म्याडम आल्यात. जेवल्याबिगार जायच्या न्हाईत.”

“चढवलंय कवाच,” आतून सुनेचा आवाज आला. “गाडीचा धुरळा दिसला तवाच.”

केतकीबाईंनी पिशवीतून कापसाची काडी काढली. “आबा, तोंड उघडा. गालाच्या आतून जरा पुसून घ्यायचंय.”

“मला काय झालंय?”

“तुम्हाला काही नाही झालेलं.”

धुळाबांनी आज्ञाधारकपणे तोंड उघडलं. काडी तळहाताएवढ्या यंत्रात गेली. यंत्राला वीस मिनिटं लागणार होती. ती कशी घालवावीत याचा विचार बाईंनी पुण्याहून येताना केला होता आणि काही सुचलं नव्हतं.

“तो दिवस आठवतो तुम्हाला? कवडीचा तुकडा घेतला तो?”

“न आठवाया काय झालं.”

“तुम्ही पातं मागून घेतलंत माझ्याकडून.”

“मग? ते आमच्यात हायच.”

खरातांच्या घरात एक रीत होती. करडाच्या कानाला खुणेची चीर द्यायची असली की घरधन्याने ते पातं आधी आपल्या अंगठ्याला लावायचं. रक्त दिसेपर्यंत. मुक्या जिवाला जे सोसायला लावायचं ते किती लागतं हे आपल्याला ठाऊक असावं, एवढंच. त्या दिवशीही धुळाबांनी केतकीचं तुकडा काढायचं गोल पातं अंगठ्यात चांगलं फिरवलं होतं, हळदीच्या भंडाऱ्यात पुसलं होतं आणि अदबीने परत दिलं होतं. केतकीला प्रशिक्षणात दोन गोष्टी शिकवल्या होत्या: हत्यार निर्जंतुक ठेवा, आणि स्थानिक लोकांच्या भावना दुखवू नका. दोन्ही एकदम पाळता येत नसतील तर काय करावं, हे शिकवलं नव्हतं. स्पिरिटची बाटली जीपमध्ये होती. जीप ओढ्यापलीकडे. धुळाबा समोर उभे होते आणि शेळी धरलेली होती. तिने तेच पातं वापरलं.

“त्याचं आता काय?” धुळाबांनी विचारलं.

“आबा, जोंधळ्याच्या बियाण्यात हरळीचं एखादं मूळ आलं तर काय होतं?”

“रान खातं की सगळं.”

“तसं झालंय. त्या पात्याला तुमच्या अंगठ्याचा कण होता. तो कवडीच्या तुकड्याबरोबर बाटलीत गेला. शेळीच्या पेशी आमच्या द्रवात जरा सावकाश वाढतात. माणसाच्या भराभर वाढतात. आणि हौदात आम्ही नेहमी जे भराभर वाढेल तेच पुढे लावत गेलो. उत्पादन वाढवायचं होतं.”

“मग?”

“मग शेळी मागे पडली. पहिल्या वर्षातच संपली असणार.”

हे बाईंना कळलं तेही चुकूनच. चरबी थोडी वाढवावी, रश्शाला तवंग बरा येईल, अशा कोल्हापुरी हेतूने त्यांनी यंदा पेशीवंशाचा सगळा आनुवंशिक मजकूर, म्हणजे जीव कसा घडवायचा याची पेशीत असलेली पूर्ण कृती, पहिल्यांदाच मुळापासून वाचला. आधी त्यांना वाटलं, नमुना आपल्या शिंकेने बिघडला. मग वाटलं, यंत्र बिघडलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर बिघडलेलं काही उरलं नाही.

आणि सव्वीस वर्षं ते उघडकीला का आलं नाही, तर त्यालाही व्यवस्थित कारण होतं. भेसळीची तपासणी दर महिन्याला चोख होत असे. तपासायच्या प्राण्यांची यादी एका समितीने केली होती. तीत गाढवापासून उंदरापर्यंत एकतीस प्राणी होते. माणूस नव्हता. एका सदस्याने तो सुचवला होता म्हणतात, पण यादी जाहीर होणार असल्यामुळे ते बरं दिसलं नसतं. चवीची समिती निराळी होती. तीत नऊ जण होते, नऊच्या नऊ कोल्हापूरचे, आणि त्यांनी पहिल्याच घासाला ‘अस्सल माणदेशी बकरं’ असा एकमताने निर्वाळा दिला होता. त्यांत केतकीबाईंचे काका होते.

यंत्राने बारीक आवाज केला. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग धुळाबांकडे.

“तुम्हीच आहात,” त्या म्हणाल्या.

धुळाबांनी अंगणातल्या शेळ्यांकडे पाहिलं. तेरा होत्या. एकीला दिसत नव्हतं, ती दुसरीच्या कुशीला टेकून रवंथ करत होती.

“म्हंजे शाळंत पोरं खात्यात ते...”

“हो.”

“आन् जहाजानं जातंय ते?”

“तेही.”

“आन् गेल्या साली मंत्रीसायेब माझ्या गळ्यात हार घालून जेवून गेले ते?”

“त्यांनी दोनदा घेतलं होतं,” केतकीबाई म्हणाल्या. त्यांना ते आठवत होतं.

धुळाबांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. रडताहेत असं वाटून बाई पुढे सरकल्या. धुळाबा हसत होते. डोळे पुसायला त्यांनी पटक्याचं टोक घेतलं आणि ते तसंच डोळ्यांवर धरून ठेवलं. मग मात्र नक्की काय चाललंय ते बाईंना ओळखता येईना.

“तिला मग कुणीच खाल्लं न्हाय?” त्यांनी पटक्याआडून विचारलं.

“कुणाला?”

“कवडीला.”

“एक घासही नाही.”

“बरं झालं.” त्यांनी पटका खाली घेतला. “लई बरं झालं, म्याडम. तुमास्नी सांगतो, त्या दिनाला मी टेजवर बसायचो, पन जीव लागत नव्हता. तिनं माझ्या हातावर इस्वास ठिवला आन् म्या तिला साऱ्या मुलखाच्या ताटात वाढली. मेली तरी सुटका न्हाय बिचारीची, असं वाटायचं. ती सुटली हुती की पयल्याच साली. तुमचं उपकार हायेत.”

केतकीबाईंना आजवर पुष्कळ पुरस्कार मिळाले होते. आभार असे कुणी मानले नव्हते.

“आबा, सोमवारी मला सही करायचीय. केली नाही तर हौद त्याच दिवशी बंद होतील.”

“आन् मग?”

“मग काय. लोक मटण सोडणार नाहीत.” त्यांनी शेळ्यांकडे पाहिलं. “अशा सगळ्या देशात मिळून किती उरल्यात? चाळीस हजार. आठवडा पुरणार नाहीत. पुन्हा पैदास, पुन्हा बाजार, पुन्हा सुरी. आणि केली, तर मी जाणूनबुजून...” वाक्य पुरं करायला शब्द होता, पण त्या अंगणात तो बोलवेना. “तुमची परवानगी आम्ही कधी घेतलीच नाही. शेळीसाठी घेतली होती.”

“करा सही.”

“विचार करा जरा.”

“केला. माझ्या बानं, आज्यानं आन् म्या मिळून किती बकरी तोडली असतील, हिशेब हाय का? त्यांतल्या एकाला तरी इचारलं हुतं? आता मला इचारताय तर मी हो म्हंतो. दुखत न्हाय, खुपत न्हाय. इथं बसलोय, बिडी वडतोय.” ते थांबले. “मी गेल्यावर काय हुईल?”

“काही नाही. चालूच राहील.”

“किती साल?”

“त्याला अंत नाही, आबा. विरजणासारखं आहे ते.”

धुळाबांनी मान हलवली. देवळाला जमीन दिलेला माणूस जसा बसतो तसे ते बसले होते. केतकीबाईंना एकाएकी जाणवलं, की आपण इथे ‘नाही’ हा शब्द ऐकायला आलो होतो. या माणसाने संतापावं, कोर्टात जाईन म्हणावं, आणि सोमवारचा प्रश्न आपल्या हातून काढून घ्यावा. त्याने तो तुपात घोळवून परत दिला होता.

“चला, ताटं वाढलीत,” हौसा दारात येऊन म्हणाली.

ओसरीवर दोन पाट, दोन ताटं. बाजरीची भाकरी, कांदा आणि वाटीत लालभडक रस्सा, वर तीन-चार चांगल्या फोडी. धुळाबा पाटावर बसले, वाटीकडे पाहिलं, आणि ती हळूच ताटाबाहेर सरकवली.

“मला दूध-भाकर दे, हौसा.”

“का वो, मामंजी? मटन बिघडलं व्हय? सकाळीच आनलंय.”

“न्हाय गं. बेस हाय. माझंच पोट नको म्हंतंय.”

“पाव्हन्यांसमूर आसं करत्यात व्हय,” हौसा पुटपुटली आणि ती वाटी उचलून तिने केतकीबाईंच्या वाटीत रिकामी केली. “तुमी घ्या, म्याडम. कोल्लापूरच्या तुमी, तुमास्नी काय एका वाटीत हुतंय.”

“मला खरं तर भूक...”

“म्याडम,” धुळाबा म्हणाले. आवाज मऊ होता. “पाव्हना उपाशी गेलेला ह्या घरात चालत न्हाय.”

त्यांनी दुधात भाकरी कुस्करली, पण खायला सुरुवात केली नाही. पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय यजमान खात नाही. ते थांबले होते. दारात हौसा उभी होती, हात पदराला पुशीत. केतकीबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, एक फोड त्यात धरली आणि तोंडात घातली. चावायला जो वेळ लागतो तेवढा लागला.

“कसं झालंय?” धुळाबांनी विचारलं. आजवर हा प्रश्न त्या घरात हौसाच विचारत आली होती.

“चांगलं आहे,” केतकीबाई म्हणाल्या.

त्यांना खोटं बोलावं लागलं नाही. मीठ बेताचं होतं, फोड मऊ शिजली होती, आणि कोल्हापूरच्या माणसाला नाव ठेवायला काही जागा नव्हती. धुळाबांचा चेहरा उजळला. ते समाधानाने आपल्या ताटाकडे वळले, आणि थोड्या वेळाने केतकीबाईंनी हौसाकडे आणखी रस्सा मागितला.