बादलीपाशी कुणी उभं नव्हतं

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढं स्क्रोल करावं, सांगणाऱ्याचं काही अडलेलं नाही. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. माणसांची नावं बदलली आहेत, बाकी काही बदललेलं नाही.

पुणे. मागच्या वर्षीचा फेब्रुवारी. शनिवार, दुपारचे अडीच.

रात्र नव्हती, अमावास्या नव्हती. खाली कँटीनमध्ये लोक मिसळ खात होते.

हेमाताई कसबा पेठेतल्या. एका जुन्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात फिजिसिस्ट. एक्सरेची किरणं कुणाला किती लागतात यावर लक्ष ठेवायचं, आणि रेडिऑलॉजी शिकणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरांना त्याचंच फिजिक्स शिकवायचं, हे त्यांचं काम. ताई डॉक्टर नाहीत, एम. एस्सी. आहेत. त्यामुळे त्यांच्या लेक्चरला राहिलेली झोप पूर्ण करायला यायची पद्धत होती. बत्तीस वर्षं त्यांनी हे गिळलं. जीभ तेवढी धारदार होत गेली.

त्या शनिवारी त्यांच्या पर्समध्ये एक कागद होता.

चार दिवस झाले, त्यावर सही होत नव्हती.

कागद गेनबामामांचा होता. हॉस्पिटलात वॉर्डबॉयला मामा म्हणतात. हे मामा लोणी काळभोरचे. एकोणीस वर्षं एक्सरेच्या दोन नंबर खोलीत होते. उजव्या हाताच्या एका बोटाचं पेर नव्हतं, तरुणपणी कडबा कुट्टीच्या यंत्रात गेलेलं.

लहान मूल टेबलावर हललं की फोटो बिघडतो. नियम असा, की आईनं किंवा बापानं शिशाचा एप्रन घालून त्याला धरायचं. पण आई रडते, बाप घाबरतो, बाहेर लाइन वाढते. मग हाक जायची, मामा, धरा. मामा वाकून दोन्ही खांदे दाबून धरायचे आणि म्हणायचे, "हलायचं न्हाई बाळा, झालंच." मूल खरोखर गप्प व्हायचं.

एप्रन दोनच होते, ते डॉक्टरांच्या अंगावर. किरणं मोजणारा एक बिल्ला असतो, छातीला लावतात. तो मामांना कधीच मिळाला नाही, कारण हजेरीपटावर ते साफसफाईला होते.

हेमाताईंना हे माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर चाललं होतं. तरी दर वर्षी त्या लिहून द्यायच्या, की किरणं सुरू असताना खोलीत बिल्ल्याशिवाय कुणीही नसतं. खाली त्यांची सही.

मामा डिसेंबरात रक्ताच्या कॅन्सरनं गेले. छप्पन्न वर्षांचे होते.

त्यांची बायको नंदा कामगार कार्यालयात भरपाईचा अर्ज करून आली होती. तंबाखू खायचे ना, असं तिला हॉस्पिटलच्या ऑफिसात ऐकवलं गेलं. मग ती हेमाताईंच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

"लई न्हाई मागत बाई. ते हितं उभे ऱ्हायचे, येवढंच लिवून द्या."

हेमाताई म्हणाल्या, बघते. पुण्यात 'बघते' म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्याच दिवशी ऑफिसनं कागद टाइप करून पाठवला. सदर कर्मचारी एक्सरे खोलीत काम करत नव्हते. खाली हेमाताईंचं नाव आणि सहीची मोकळी जागा. खरं लिहावं तर स्वतःच्या एकोणीस सह्या खोट्या ठरत होत्या. आणि रिटायरमेंटला राहिले होते चार महिने.

तर तो शनिवार. विषय होता, किरणं पेशंटच्या अंगावर आपटून आजूबाजूला कशी उडतात. त्याचं प्रात्यक्षिक ताई दर वर्षी दोन नंबर खोलीतच दाखवायच्या. टेबलावर पेशंट म्हणून पाण्यानं भरलेली बादली. चार बाजूंना चार स्टुलांवर चार प्लेटा उभ्या. किरणं बादलीवर सोडायची. पाण्यातून उडालेली किरणं चारही प्लेटांवर पडतात आणि प्लेटा काळ्या होतात. मध्ये काही आडवं आलं, तर तेवढी जागा पांढरी राहते.

सगळे बाहेर आले. दार लागलं. सहा रेसिडेंट आणि ताई शिशाच्या काचेमागं.

खोलीत कुणी नव्हतं. हे सहाही जणांनी पाहिलंय.

एक एक्सपोजर. दुसरं. तिसरं…

बादलीतलं पाणी हललं.

फार नाही. टेबलाला कुणी पोट टेकवून वाकलं तर हलेल एवढंच. मेट्रोचं काम असेल, असं एक जण म्हणाला. आसपास मेट्रोचं काम नव्हतं.

दहा एक्सपोजर झाली. ताईंनी दार उघडलं, तर आत चुना-तंबाखूचा वास.

प्लेटा मशीनमध्ये वाचायला लावल्या. पहिली काळी. दुसरी काळी. तिसरी काळी.

चौथी…

चौथीवर एक माणूस होता.

चेहरा प्लेटच्या वर राहिला होता. छातीपासून कमरेपर्यंतचं पांढरं धड, कोपरं बाहेर काढलेली, हात पुढं बादलीकडे. पुढं वाकलेला. बिल्ला असता तर छातीवर पत्र्याचा चौकोन दिसला असता. चौकोन नव्हता.

कुणी जांभई दिली नाही. स्पृहा नावाची एकच मुलगी त्या वर्गात खरोखर शिकायला यायची. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, ही सावली कुणाची?"

प्लेट खराब आहे, ताई म्हणाल्या. नवी प्लेट मागवली, त्याच बाजूला लावली, पुन्हा दहा एक्सपोजर केली.

पुन्हा तोच. या वेळी थोडा जास्त वाकलेला…

ती बाजू मामांची होती. एकोणीस वर्षं ते तिथंच उभे राहायचे. दर वर्षी फळ्यावर टेबलाचं चित्र काढून, त्याच जागेवर फुली मारून, ताई सांगायच्या की इथं कुणी उभं राहता कामा नये.

"आर्टिफॅक्ट आहे, मशीनची चूक," ताई म्हणाल्या. "परीक्षेत विचारत नाहीत." राकेश नावाच्या टेक्निशियनला त्यांनी दोन्ही फोटो डिलीट करायला लावले.

आणि संध्याकाळी त्या कागदावर सही केली.

हो, केली. एवढं दिसूनही केली. माणसाला भुताची भीती वाटतेच, पण पेन्शन अडकण्याची त्याहून जास्त वाटते. नंदाचा अर्ज फेटाळला गेला.

जूनमध्ये हार, शाल, नारळ. ऑक्टोबरात मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, त्याआधी छातीचा फोटो हवा होता. मुलगी खराडीला राहते, तिच्या घराजवळच्या सेंटरमध्ये गेल्या. नवी कोरी जागा, सकाळचे अकरा. जुन्या हॉस्पिटलचा आणि या सेंटरचा काडीचा संबंध नाही.

छाती प्लेटला टेकवून त्या उभ्या राहिल्या. टेक्निशियन मुलगी काचेमागं गेली. श्वास घ्या, रोखून धरा.

त्यांनी श्वास रोखला…

मागून दोन्ही खांद्यांवर हात पडले.

घट्ट. लहान मुलाला धरतात तसे.

"हलायचं न्हाई बाळा. झालंच."

त्यांना ओरडता आलं नाही. श्वास रोखलेलाच होता.

टेक्निशियन बाहेर आली ती वैतागून. "काकू, आत कोण होतं तुमच्यासोबत? धरायला माणूस लागतो तर आधी सांगायचं ना. एप्रन दिला असता."

फोटोत ताईंची छाती होती, स्वच्छ. आणि दोन्ही खांद्यांवर बोटांची हाडं, पांढरी, एक-एक पेर मोजता येईल अशी.

उजव्या खांद्यावरच्या हाताचं एक पेर कमी होतं.

त्याच आठवड्यात हेमाताईंनी दोन पानांचं पत्र लिहिलं. मामा कुठं उभे राहायचे, किती वर्षं, कुणाच्या हाकेवर, सगळं. एक प्रत नंदाला दिली, एक हॉस्पिटलला. ऑफिसातून फोन आला. आवाज अगदी अदबीचा होता. "मॅडम, आपण आता रिटायर आहात. आणि रेकॉर्डवर तर आपलीच सही आहे की."

नंदानं पत्र घेतलं, घडी करून पिशवीत ठेवलं. आता काय उपयोग, एवढंच म्हणाली.

फोटो कसब्यातल्या घरी कपाटात आहे. स्पृहाला तो दाखवला, तेव्हा तिनं बोटांची पेरं मोजली. आर्टिफॅक्ट हा शब्द दोघींनीही काढला नाही.

हेमाताईंचे खांदे अजून दुखतात. दोन्ही, एकाच जागी. डॉक्टर म्हणतात, वरून काही दिसत नाही, एकदा एक्सरे काढून बघू.

त्या नको म्हणतात.