दादूंना विचारून

आमच्या स्किल लॅबमध्ये सकाळचा उजेड थेट येत नसे. बेहाला उपनगरातल्या त्या जुन्या इमारतीच्या खिडक्यांना हिरव्या लाकडी झडपा होत्या. उजेड आधी त्यांच्या फटींशी थांबे आणि मग पट्ट्यापट्ट्यांनी आत उतरे. पहिली पट्टी दाराजवळच्या बेसिनवर पडे. नळाच्या टोकाशी लोंबणारा थेंब तेवढ्यापुरता पेटल्यासारखा दिसे. मग उजेड फरशीवरून खाटांच्या चाकांपर्यंत सरके, घट्ट खोचलेल्या चादरींच्या कोपऱ्यांवर चढे, स्टीलच्या ट्रेमध्ये साचून राही. खालच्या रस्त्यावर ऑटोवाले गिऱ्हाइकांना हाका मारत असत. त्या हाकाही झडपांमधून गाळूनच वर येत. शेवटच्या खाटेशी पोचेपर्यंत उजेडाचा पिवळेपणा ओसरून तो दुधाळ होई आणि तिथल्या चेहऱ्यावर अगदी अलगद टेके, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तसा.

त्या चेहऱ्याला सगळे दादू म्हणत. बंगालीत आजोबांना दादू म्हणतात. दादू म्हणजे रबर-प्लास्टिकचा, माणसाएवढा पुतळा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी सगळं त्यांच्यावर शिकायचं.

मला त्यांची गरज इतरांहून अधिक होती. जिवंत माणसासमोर माझी जीभ जड होते. वर्गमैत्रिणीचा रक्तदाब घेताना माझी बोटं इतकी थरथरली की पहिल्या चाचणीत मी नापास झालो. त्या संध्याकाळी डमडमच्या आमच्या घरी, जेवताना, बाबा शांतपणे म्हणाले, "सलील, वार्षिक प्रॅक्टिकलपर्यंत बघू. नाही जमलं तर बँकेच्या परीक्षेला बसायचं. मी काय वाईट दिवस काढले बँकेत? आणि पुरुषाने बेडपॅन उचलायचं म्हणजे..." आईने न विचारताच माझ्या भातावर आमटी वाढली.

आम्हाला शिकवणाऱ्या शिखादींचा एक नियम होता. रुग्णाला आपलं नाव सांगायचं, आपण काय करणार ते सांगायचं, परवानगी मागायची आणि उत्तराची वाट पाहायची. उत्तर शब्दांतच येईल असं नाही, त्या सांगत. पापणी हलेल, बोट हलेल. पुतळ्यालाही यातून सूट नव्हती.

"आणि दादू नको म्हणाले तर?" नूपुरने एकदा विचारलं. ती रोज लोकलने सियालदहला उतरून यायची आणि उशिरा आल्याचं कधीच मनाला लावून घ्यायची नाही.

"तर हात मागे घ्यायचा," शिखादी म्हणाल्या. "हसतेस काय? उद्या तुझ्या पेशंटला कोणी विचारणार आहे का, तू सोडून?"

बाकीचे ती वाक्यं भराभर उरकत. मी मात्र मराठीत बोलत असे, कारण तिथे ती कोणालाच कळत नव्हती. "आजोबा, मी सलील. तुम्हाला जरा कुशीवर वळवतो. चालेल ना?" मग मी खरोखर थांबत असे. त्या थांबण्यातच माझे हात स्थिर होत गेले. पाठ न दुखवता माणूस कसा वळवावा, पाण्याचा थेंबही न सांडता खाटेवरच डोकं कसं धुवावं, हे मला येऊ लागलं. चादरीचे कोपरे मी खोचले की ते माझेच म्हणून ओळखू येत.

"ए मराठीबाबू," नूपुर म्हणायची, "तू दादूंशी बोलतोस त्याच्या निम्मं आमच्याशी बोललास तर लग्नं जुळतील लोकांची."

दुर्गापूजेच्या सुट्टीत लॅबला कुलूप होतं. परतल्यावर सकाळी सर्वांत आधी मी पोचलो. दादू उताणे होते, चादर छातीपर्यंत. माझ्या हातची. फक्त गुडघ्यांपाशी ती सुटली होती.

मी विचारून त्यांना वळवलं. माकडहाडाच्या जागी तळहाताएवढा लालसर डाग होता.

रबर जुनं झालं की रंग बदलतं, हे मला माहीत होतं. तरीही मी शिकवल्याप्रमाणे त्यावर बोट दाबलं. जागा पांढरी झाली. बोट उचललं आणि लाली हळूहळू परत भरून आली.

एकाच स्थितीत फार काळ पडून राहिलेल्या माणसाला असं होतं.

मी कोणाला सांगितलं नाही. पाठीमागे उशी दिली, टाचांखाली घडी ठेवली, आणि मधल्या सुट्टीत येऊन कूस बदलत राहिलो. डाग फिकट होत होत गेला. त्या दिवशी मेट्रोत उभा असताना मला इतका अभिमान वाटत होता की शेजारच्या अनोळखी गृहस्थांकडे पाहून मी हसलो. माझ्या आयुष्यात मी बरा केलेला तो पहिला रुग्ण.

शेवटी न राहवून मी नूपुरला सांगितलं, "दादूंना बेडसोर होत होता. मी थांबवला."

"वा! मग आजी फळं घेऊन आल्या का भेटायला?" ती म्हणाली. हसत हसत तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग जराशी कमी हसली.

पुढे एकदा मी त्यांचं तोंड ओल्या गॉजने पुसत होतो. ओठ गॉजवर किंचित मिटले. मी ओढला, तर तो क्षणभर आला नाही. आला तेव्हा कोरडा होता.

उन्हाळ्यात वार्षिक प्रॅक्टिकल आलं. बाबा रजा काढून सोबत आले. लॅबच्या दाराला काच होती. तिच्यापलीकडे ते हाताची घडी घालून उभे राहिले. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चिठ्ठ्यांचा वाडगा पुढे केला. माझ्या चिठ्ठीत होतं: मृत्यूनंतरची शुश्रूषा.

"सोपं आलं," परीक्षक म्हणाल्या. "रुग्ण गेलेला आहे. करा सुरू."

"सांगून कर, सलील," शिखादी म्हणाल्या. "गेलेल्या माणसालाही सांगायचं असतं."

"आजोबा, मी सलील," मी म्हणालो. "तुम्हाला... आवरून देतो. चालेल ना?"

आणि पहिल्यांदाच मी उत्तरासाठी थांबलो नाही. गेलेल्या माणसासाठी कोण थांबतं?

मी अंग पुसलं. केस नीट केले. डोळे मिटले, पापण्या बोटांखाली जड होत्या. हनुवटीखालून पट्टी घेऊन डोक्यावर गाठ मारली.

मनगटं बांधताना माझी तीन बोटं सवयीने नाडीच्या जागी गेली.

"नाडी बघताय?" परीक्षक हसल्या. "आता कशाला?"

काचेपलीकडे बाबांनी घडी सोडली होती. त्यांचा तळवा काचेला टेकला होता.

मी बोटं उचलली. मनगटं बांधली.

चादर वर ओढली. चेहऱ्यावरून.

वर्गात सर्वाधिक गुण मला मिळाले. जिन्यात बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "माझ्या आईच्या वेळी असं कोणी केलं नव्हतं रे," ते म्हणाले. "घरी गेल्यावर आईला सांग. नाही, थांब, मी सांगतो." बँकेचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी दादूंचे सांधे वळेनात. कोपर नाही, गुडघा नाही, मानसुद्धा नाही. "जुनं रबर," शिखादी म्हणाल्या, आणि त्यांना कुठेतरी पाठवून दिलं. त्यांच्या जागी नवा पुतळा आला. त्याच्याशी मी बंगालीत बोललो.

आज मी वॉर्डात काम करतो. रुग्ण मला नावाने बोलावून घेतात; आधी विचारतो तो मुलगा पाठवा, म्हणतात. माझे हात चांगले आहेत. हे मी आता संकोच न करता म्हणू शकतो, आणि ते ज्यांच्यामुळे चांगले झाले त्यांच्याविषयी एवढंच लिहायचं राहिलं आहे.

मी चादर ओढल्यावर, नाकापाशी, ती किंचित आत जात होती आणि पुन्हा बाहेर येत होती.