अंगठेबहाद्दरांची अर्धी कादंबरी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी राईचा पर्वत करणाऱ्यातली नाही.

गेल्या हिवाळ्यातला शनिवार. संध्याकाळची वेळ. मावशीचं वाचनालय.

मावशी तिथली ग्रंथपाल. दर शनिवारी ती जमलेल्या वाचकांना दोन पुस्तकं सुचवायची. एक जुनं, एक नवं. ऐकायला लोक जिन्यात उभे राहायचे. काका गेल्यापासून बाई त्या एका तासावर जगत होती म्हणा ना.

तिथे एक म्हातारे वाचक यायचे. पान उलटताना अंगठा जिभेवर फिरवायची सवय. म्हणून सगळे त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणायचे. सगळ्यात जास्त वाचणारा माणूस, आणि नाव हे!

मावशीला त्यांची शिसारी यायची. ते वाचत ती पुस्तकं कोपऱ्यांना पिवळी पडत, फुगत. वर शिळ्या तोंडाचा वास.

ते वारले. त्यांनी नेलेली कादंबरी त्यांच्या मुलीने परत आणून दिली. खूण मध्यावरच होती.

वाचनालयाची एक रीत होती. गेलेल्या वाचकाचं अर्धं राहिलेलं पुस्तक कुणीतरी त्याच्या वतीने पूर्ण वाचायचं, मगच कपाटात ठेवायचं. या वेळी पाळी मावशीची.

तिने एक पान उघडलं. नाकाला पदर लावला. पुस्तक मिटलं.

आणि शनिवारी तेच हातात धरून सांगितलं, "मी पूर्ण वाचलंय. शेवट तर अजिबात चुकवू नका."

तेवढ्यात...

तिची जीभ टाळूला चिकटली.

तोंडचं पाणी पळालं म्हणतात ना, ते अगदी शब्दशः झालं. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायली. तोंड कोरडं ठाक.

मग आवाज आला...

चप्.

टेबलावरच्या कादंबरीचं पान उलटलं होतं. पंखा बंद. जवळ कुणी नाही.

कोपरा ओला होता. ताजा ओला.

मावशीने पदराने धरून ते पुस्तक कपाटात कोंबलं.

नंतर हे दर शनिवारी. ती बोलायला लागली की तोंड सुकायचं, आणि बंद कपाटातून आवाज यायचा... चप्. डॉक्टरांना काही सापडेना. हळूहळू जिना रिकामा झाला. मग खुर्च्याही.

शेवटी रोजच्या वाचक असलेल्या एका शिक्षिकेने विचारलंच, "बाई, खरं सांगा. ते पुस्तक तुम्ही वाचलं होतं?"

मावशीने नुसता नाकाला पदर लावला.

"मग वाचून टाका की! किळस येते म्हणून मेलेल्याचं वाचन अडवून ठेवायचं का?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मावशी खिडकीत वाचायला बसली. उलटी दाबत एकेक पान वाचलं.

शेवटची दोन पानं मात्र चिकटलेली. नखाने सुटेनात. सुरी लावली तर फाटायला लागली.

तिने डोळे घट्ट मिटले. अंगठा जिभेवर टेकवला.

तोंडात थेंब नव्हता. तरी अंगठा बाहेर आला तो...

ओलाचिंब.

पानं सुटली. तिने शेवटची ओळ वाचली, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिने लगेच मला फोन केला. "सुटले गं बाई!" आनंदाने रडत होती.

त्या शनिवारी मी मुद्दाम गेले. मावशी असं बोलली की लोक पुन्हा जिन्यापर्यंत उभे. नव्या पुस्तकातल्या कुठल्या पानावर रडू येतं, तेही तिने सांगितलं.

मला मात्र घाम फुटला. वाचनालयासाठी ते पुस्तक त्याच सकाळी, दुकानात आल्या आल्या, मी आणलं होतं. वेष्टन न फोडलेलं... माझ्याच पिशवीत होतं.

घरी गेल्यावर मावशी बेसिनपाशी वाकून थुंकत होती. पुन्हा पुन्हा. थांबेचना.

"मावशी, काय होतंय?"

तिने तोंड पुसलं. चेहरा कडू झाला होता.

"ही थुंकी माझी नाही गं," ती म्हणाली. "वास येतो."

ती पुन्हा वाकली, मग थकून तशीच उभी राहिली.

"दिवसभर थुंकून थुंकून किती थुंकणार? उरलेली गिळावीच लागते."